बेरीज बरोबर, रक्कम गायब

प्लँट हेड साहेबांनी इंडेंटची, म्हणजे मागणीपत्राची, छापील प्रत माझ्या टेबलावर ठेवली आणि एवढंच विचारलं, "ही मी कधी मंजूर केली?"

बेअरिंगची मागणी होती. पन्नास हजारांवरची प्रत्येक मागणी साहेबांकडे गेलीच पाहिजे, हा नियम मीच सिस्टीममध्ये घातलेला. ही मात्र स्टोअरमधून निघून थेट पर्चेसला पोचली होती आणि पर्चेसने पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढूनही टाकली होती. आमचा कारखाना लहान आहे, आयटी म्हणजे मी एकटा. त्यामुळे दोष कुणावर ढकलायची सोयच नव्हती.

आमची रचना साधी आहे. स्टोअरमधल्या ताई ब्राउझरमधल्या पानावर वस्तू, नग आणि दर भरतात, स्क्रिप्ट खाली बेरीज दाखवते. 'पाठवा' दाबलं की रक्कम सर्व्हरवर जाते आणि तिथला वर्कफ्लो, म्हणजे मंजुरीचा मार्ग ठरवणारा प्रोग्राम, ती बघून कागद कुणाकडे न्यायचा ते ठरवतो. डेटाबेस उघडला तर त्या इंडेंटच्या रकमेचा रकाना रिकामा. शून्य नव्हे, नल, म्हणजे तिथे काही नोंदलेलंच नाही. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेला 'नल पन्नास हजारांपेक्षा मोठं आहे का?' असं विचारलं की ती 'नाही' म्हणते, कसलीही तक्रार न करता. 'नाही'ची वाट थेट पर्चेसकडे जाते.

मी माझ्या मशीनवर तोच फॉर्म दहा वेळा भरला. दहाही वेळा रक्कम नीट गेली. ताईंना फोन केला, तर त्यांनी स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. एकूण रक्कम १,८४,०००. बेरीज बरोबर. माझ्याकडे स्वल्पविराम फक्त हजारांच्या जागी पडत होता, त्यांच्याकडे लाखाच्याही जागी. हा फरक मला दिसला होता. 'काहीतरी सेटिंग असेल' म्हणून मी तो सोडून दिला.

पानावर घडलेल्या चुका टिपून ठेवणारा एक छोटा लॉगरही मी पूर्वी बसवला होता. तो उघडला तर शंभरेक नोंदी, आणि प्रत्येकीत दोनच शब्द: 'स्क्रिप्ट एरर'. फाइल नाही, ओळ नाही. आमच्या स्क्रिप्ट फाइली पानापेक्षा वेगळ्या पत्त्यावरून येतात. अशा वेळी ब्राउझर सुरक्षेसाठी त्या चुकीबद्दलचा तपशील पानाला कळूच देत नाही. तो हवा असेल तर स्क्रिप्टच्या टॅगला क्रॉसओरिजिन ही खूण लावावी लागते आणि फाइली देणाऱ्या सर्व्हरनेही फाइलीसोबत तशी परवानगीची ओळ (हेडर) पाठवावी लागते. मी यातलं काहीच केलं नव्हतं. थोडक्यात, दारावर वॉचमन बसवला होता, पण डोळ्यांवर पट्टी बांधून.

शेवटी स्टोअरमध्ये जाऊन ताईंच्याच खुर्चीत बसलो आणि एफ-बारा दाबून क्रोमची डेव्हटूल्स, म्हणजे चुका शोधायची साधनं, उघडली. त्यातल्या कन्सोलमध्ये, जिथे पानाच्या चुका दिसतात, एक लाल ओळ: 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल'. मला वाटलं, सापडला चोर. उजवीकडच्या दुव्यावर क्लिक केलं तर सगळी फाइल एकाच ओळीत दाबून भरलेली. महिरपी कंसाचं बटण दाबून ती सुटी केली. झालं होतं असं, की काही महिन्यांपूर्वी मी पानावरून 'जुन्या मागण्या' हे बटण काढलं, पण त्याला क्लिक जोडणारी ओळ स्क्रिप्टमध्ये तशीच राहिली. बटण नाही म्हणून नल, आणि नलला काही जोडायला गेलं की फाइल तिथेच थांबते. तिच्या खालचं काहीही चालत नाही. त्या खालच्या भागातच माझी एक तपासणी होती: रक्कम आकडा नसेल तर फॉर्म पुढे जाऊ देऊ नकोस.

ती ओळ काढली, फाइल चढवली, ताईंच्या क्रोममध्ये कॅशे (साठवून ठेवलेल्या जुन्या फाइली) साफ केला, लाल ओळ गेली. समाधानाने चहा प्यायलो. खरं तर तिथेच थबकायला हवं होतं. ही चूक सगळ्यांच्याच मशीनवर होती. माझ्याही मशीनवर होती, मी फक्त कन्सोल उघडून पाहिला नव्हता. जी चूक सगळीकडे आहे, ती एकट्या ताईंच्या रकमा कशी खाईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन. "सर, काल निदान जात तरी होतं! आज फॉर्म पुढे सरकतच नाही. 'रक्कम चुकीची आहे' म्हणतंय. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केली हो बेरीज."

माझी तपासणी आता जिवंत झाली होती आणि ती अगदी खरं सांगत होती.

पुन्हा स्टोअर. 'पाठवा'चा कोड दुसऱ्या फाइलमध्ये आहे, तिथे ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवणारी खूण) लावून एकेक ओळ पुढे सरकलो. रकमेच्या चौकटीतला मजकूर उचलला: १,८४,०००. बरोबर. स्वल्पविराम काढले: १८४०००. बरोबर. त्याचा आकडा केला: नॅन. म्हणजे 'हा आकडाच नाही'. मी परत मागे जाऊन तीच ओळ चालवली. परत नॅन. मजकुरात एखादी अदृश्य जागा असेल म्हणून लांबी मोजली, सहा अक्षरं. सहाच हवीत. मला घाम फुटायची वेळ आली.

ताई मागे उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे इंग्रजी आकडे येतात का हो? माझ्याकडे नवीन पीसी आल्यापासून छान मराठी येतात."

तुम्हीही वर फोटोतली रक्कम वाचताना अडखळला नसाल. मीही नाही. लहानपणापासून दोन्ही आकडे सारखेच वाचत आलोय, डोळा फरकच करत नाही. जावास्क्रिप्ट करते. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये स्वतःच्या वेगळ्या जागा आहेत आणि जावास्क्रिप्टचं आकडा करणारं फंक्शन त्यांना अंक मानत नाही. (पायथन मानते. तिथे हाच मजकूर बिनतक्रार आकडा झाला असता.)

पीसी बदलल्यावर ताईंनी क्रोमची भाषा मराठी केली होती. बेरजेत स्वल्पविराम घालायला मी टूलोकेलस्ट्रिंग हे फंक्शन वापरलं होतं, जे आकडा एखाद्या भाषेच्या पद्धतीने लिहून देतं; पण भाषा न सांगता. न सांगितली तर ते ब्राउझरची भाषा धरतं, आणि मराठीसाठी ठरलेले अंक देवनागरी आहेत. म्हणून बेरीज झाली ती खऱ्या आकड्याची, चौकटीत पडली ती देवनागरीत, आणि पाठवताना मी खरा आकडा बाजूला ठेवून चौकटीतला मजकूर परत उचलला. सर्व्हरकडे पाठवायला माहिती जेसन या मजकुराच्या साच्यात घालतात, आणि तसं करताना नॅनचं गुपचूप नल होतं. डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये पेलोड, म्हणजे सर्व्हरकडे गेलेली माहिती, पाहिला तर तिथे ते नल चक्क दिसत होतं. पहिल्या दिवशीच तो टॅब उघडला असता तर चूक सर्व्हरची नसून पानाची आहे, एवढं तरी पाच मिनिटांत कळलं असतं. एक किरकोळ गोष्ट: फॉर्म पाठवल्यावर पान बदलतं आणि सगळ्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून आधी 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करावी लागते.

घरी गेल्यावर कुतूहल म्हणून क्रोम हिंदीत करून तोच फॉर्म उघडला. आकडे इंग्रजीच आले, कारण हिंदीसाठी ठरलेले अंक इंग्रजी आहेत. म्हणजे 'भारतीय भाषेत चालतं का बघू' म्हणून मी कधी हिंदीत चाचणी घेतली असती, तर ती पास होऊन मी निर्धास्त झालो असतो. आता भाषा बदलायला क्रोम बंद-चालूही करत नाही. डेव्हटूल्सच्या सेन्सर्स टॅबमध्ये ठिकाणासोबत भाषाही ठरवता येते.

दुरुस्ती चार ओळींची. खरा आकडा वेगळा जपायचा, पाठवायचा तोच, चौकट फक्त डोळ्यांसाठी. सर्व्हरवर रक्कम नल असेल तर वर्कफ्लोने थांबायचं, 'नाही'च्या वाटेने जायचं नाही. ही दुसरी दुरुस्ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण पानावर काय काय होईल ते माझ्या हातात नाही. मग सगळ्या फाइलींत 'टूलोकेल' शोधलं. चौदा जागी निघालं. त्यातल्या एका जागी तारखेवरून जोडपत्राच्या फाइलचं नाव बनत होतं, म्हणून ताईंच्या फाइली सर्व्हरवर देवनागरी तारखांनी साठल्या होत्या. पर्चेसवाले त्या 'सापडत नाहीत' म्हणून महिनाभर कुरकुरत होते, ते मला आत्ता कळलं.

नल रकमेचे इंडेंट एकूण अकरा निघाले. त्यातले तीन पन्नास हजारांवरचे. त्यांची यादी छापून साहेबांकडे नेली, त्यांनी तारखा घालून सह्या केल्या आणि पाणी प्यायला सांगितलं.

परत जाताना स्टोअरमध्ये डोकावलो. ताईंनी विचारलं, "मग आता क्रोम इंग्रजी करू का?"

"नको," म्हटलं, "राहू दे मराठीच. पुढचा फॉर्म तुमच्याच मशीनवर आधी तपासणार आहे."