मोठ्या आतड्याच्या गाठीतली चार प्रथिने

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा पॅथॉलॉजी अहवाल हातात पडला की नातेवाईक सर्वांत आधी 'स्टेज' शोधतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच अहवालात पुढे एमएलएच-1, एमएसएच-2, एमएसएच-6 आणि पीएमएस-2 अशी चार प्रथिनांची नावे असतात, निदान असायला हवीत. त्यांच्यापुढे काय लिहिले आहे यावर रुग्णाच्या उपचाराची दिशा तर ठरतेच, शिवाय त्याच्या भावंडांनी आणि मुलांनी पुढे कोणती तपासणी कधी करून घ्यायची, हेही पुष्कळदा ठरते. परळमधील एका प्रयोगशाळेत हिस्टोपॅथॉलॉजीचे, म्हणजे शरीरातून काढलेल्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचे, काम करताना मला सर्वांत जास्त तळमळ वाटते ती या चार ओळींबद्दल.

पेशी विभागताना आपल्या डीएनएची संपूर्ण नक्कल करते आणि त्यात चुका होतातच. विशेषतः डीएनएच्या मजकुरातले एकच अक्षर लागोपाठ अनेकदा येते अशा ठिकाणी नक्कल हमखास घसरते, एखादे अक्षर गळते किंवा वाढते. ही चूक एमएसएच-2 आणि एमएसएच-6 यांची जोडी ओळखते आणि एमएलएच-1 व पीएमएस-2 यांची जोडी पुढची दुरुस्ती घडवून आणते. ही यंत्रणा आधी जिवाणूंमध्ये उलगडली गेली आणि त्या कामासाठी पॉल मॉड्रिच यांना 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. माणसातील एमएसएच-2 जनुकाचा कर्करोगाशी असलेला संबंध 1993 मध्ये आणि एमएलएच-1 चा 1994 मध्ये सिद्ध झाला. यांतले एखादे प्रथिन नाहीसे झाले की चुका साचत जातात, आणि त्यांतली एखादी पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकात पडली की गाठीला वाट मिळते.

प्रयोगशाळेत ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. गाठीचा तुकडा ज्यात जपलेला असतो त्या मेणाच्या ब्लॉकमधून काढलेल्या पातळ कापावर त्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड आणि मग रंग घातला की प्रथिन शाबूत असलेली केंद्रके तपकिरी होतात आणि नसलेली निळी राहतात. ज्या गाठीत एमएसएच-2 हरवलेले आहे तिच्या ग्रंथी रांगेने निळ्या दिसतात, आणि त्यांच्याच मधल्या जागेत शिरलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या निरोगी पेशी मात्र गडद तपकिरी असतात. त्या तपकिरी पेशी दिसल्याशिवाय मी 'प्रथिन अनुपस्थित' असे लिहीत नाही, कारण त्याही निळ्याच राहिल्या असतील तर रंगकामच फसलेले असते आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

प्रथिन हरवले म्हणजे दोष आनुवंशिकच, असे मात्र नाही. मोठ्या आतड्याच्या साधारण 15 टक्के कर्करोगांत ही दुरुस्ती बंद पडलेली आढळते आणि त्यांतल्या बहुसंख्य गाठींत एमएलएच-1 जनुक केवळ रासायनिक खुणांमुळे निद्रिस्त झालेले असते. हे बहुधा उतारवयात घडते आणि मुलांकडे जात नाही. उरलेल्यांत जनुकातला जन्मजात बदल (उत्परिवर्तन), म्हणजे लिंच सिंड्रोम, निघू शकते आणि तिथे प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे अहवालात प्रथिन अनुपस्थित आले की पुढची जनुकीय तपासणी आणि समुपदेशन टाळू नये.

लिंच सिंड्रोमची कथा एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून सुरू होते. अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथे 1895 मध्ये तिने पॅथॉलॉजिस्ट अल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले की, घरातल्या इतरांप्रमाणे आपणही जठराच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने लवकर जाऊ. आणि ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची नोंद 1913 मध्ये प्रसिद्ध केली आणि 1966 मध्ये हेन्री लिंच यांनी, ज्यांचे नाव पुढे या आजाराला मिळाले, अशाच आणखी दोन घराण्यांचा अभ्यास मांडला. वॉर्थिन यांच्या त्या घराण्यात जुन्या पिढ्यांत जठराचे कर्करोग पुष्कळ होते आणि नंतरच्या पिढ्यांत ते घटून मोठ्या आतड्याचे वाढले. जनुकातला दोष तोच, अवयव बदलला. वारशाइतकेच बाहेरच्या परिस्थितीलाही महत्त्व आहे याचा इतका बोलका पुरावा मला दुसरा आठवत नाही.

जठराच्या कर्करोगाचा दुसरा आनुवंशिक मार्ग या चार प्रथिनांपेक्षा वेगळ्या, सीडीएच-1 या जनुकाचा आहे. तो 1998 मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाच्या अभ्यासातून सापडला. हे जनुक पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे प्रथिन तयार करते. ते गेले की पेशी सुट्या होऊन जठराच्या भिंतीत विखुरतात, गाठ अशी बांधतच नाहीत, आणि म्हणून एंडोस्कोपीतही सहज निसटतात. याच कारणाने असा दोष असलेल्या व्यक्तींना संपूर्ण जठर आधीच काढून टाकण्याचा कठोर सल्ला द्यावा लागतो.

उपचाराच्या बाजूने या संशोधनाने जे दिले ते मला फार मोलाचे वाटते. दुरुस्ती बंद पडलेल्या गाठीत इतकी विचित्र प्रथिने तयार होतात की प्रतिकारशक्तीला ती परकी म्हणून ओळखता येते. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने अशा गुदाशयाच्या गाठी असलेल्या, उपचार पूर्ण झालेल्या पहिल्या 12 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले; डोस्टार्लिमॅब या एकाच औषधाने बाराही जणांची गाठ नाहीशी झाली होती, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार न करता. रुग्णसंख्या लहान होती हे खरे, तरी हे औषध कोणाला द्यायचे हे गाठीची तपासणी केल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे अडते ते घरच्या इतिहासापाशी. टाटा मेमोरियलमध्ये उपचारासाठी आलेली आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली गावाकडची कुटुंबे असोत की गिरगावात पिढ्यान् पिढ्या राहिलेली, घरात आधी कोणाला कर्करोग होता का, असे विचारले की उत्तर बहुधा 'नाही' असेच येते. जरा वेळ बसून बोलले की मग 'आजी पोटाच्या दुखण्याने गेली', 'मोठ्या काकांना आव पडायची, रक्त जायचे', 'आत्याची पिशवी काढली होती' असे निघत जाते. त्या आत्याची पिशवी का काढली, हे विचारायलाच हवे, कारण लिंच सिंड्रोममध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही मोठा असतो. मुलीचे लग्न ठरत असताना ही चर्चा नको, असे एका वडिलांनी मला हात जोडून सांगितले होते. त्यांची भीती मला समजते. तरीही ज्या घरात दोष सिद्ध झाला आहे तिथे विशीपासून किंवा पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, केली तर कर्करोगाची गाठ होण्याआधीच पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचा लहान कोंब, काढून टाकता येतो, आणि ही संधी त्या मुलीला नाकारणे मला कोणत्याही कारणाने योग्य वाटत नाही.

रुग्ण हयात नसला तरीही वाट बंद होत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळचे मेणाचे ब्लॉक अनेक वर्षे जपून ठेवलेले असतात आणि त्यांवर ही चार प्रथिनांची तपासणी नंतरही करता येते. ज्यांचे आई-वडील किंवा भावंड पन्नाशीच्या आत आतड्याच्या कर्करोगाने गेले असेल, त्यांनी जुन्या कागदपत्रांतला बायोप्सीचा क्रमांक शोधून त्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात लेखी अर्ज करावा आणि ब्लॉक उपलब्ध आहे का, एवढे आधी विचारून घ्यावे.