एपी घ्यावं की कॉलेजचा कोर्स?

अमेरिकेत पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म शाळेतून आला की आपल्याकडचे आईवडील आधी विचारतात, "यातलं अवघड कोणतं?" एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स. दुसरी वाट म्हणजे शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक दोन वर्षांच्या कॉलेजात, कोर्स करायचा. एपी केमिस्ट्री काय किंवा कम्युनिटी कॉलेजची जनरल केमिस्ट्री काय, धडे बरेचसे तेच. विचारायचं ते हे, की ग्रेड कुठे आणि किती काळ चिकटून राहणार.

एपीची परीक्षा वर्षातून एकदा, मे महिन्यात. केमिस्ट्रीला ९० मिनिटांत ६० बहुपर्यायी प्रश्न, मग १०५ मिनिटांत ७ लेखी. स्कोअर १ ते ५, जुलैत कळतो. वर्गातली ग्रेड शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) जातेच, पण परीक्षेत २ आला तर तो सहसा आपल्यापाशीच ठेवता येतो. कॉलेजात मात्र सोळाव्या वर्षी मिळालेला सी कायमचा. मेडिकलचे अर्ज घेणारी एएमसीएएस शाळकरी वयात केलेले कॉलेजचे कोर्सही मागते आणि त्यांच्या ग्रेड जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरते. त्यामुळे डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या मुलांनी केमिस्ट्री, बायॉलॉजी एपीतच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तसंही बऱ्याच मेडिकल स्कूलना एपीचं क्रेडिट (कोर्स झाल्याची पदवीत धरली जाणारी नोंद) आवश्यक विषयांसाठी चालत नाही, म्हणजे जनरल केमिस्ट्री किंवा तिच्या वरचा कोर्स पुढे करावाच लागतो. तेव्हा ही तयारी कामाला येते.

इंजिनिअरिंगवाल्यांचं गणित वेगळं. एपी फिजिक्स १ आणि २ मध्ये कॅल्क्युलस नाही. इंजिनिअरिंगला 'फिजिक्स सी' हे कॅल्क्युलसवरचं एपी हवं, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम दोन्ही, आणि दुसरा भाग पुष्कळ शाळांत शिकवतच नाहीत. कॅल्क्युलस झालेलं असेल तर इथे कॉलेज बरं. पण कोर्सचा नंबर नीट वाचून.

टेक्सासचं उदाहरण घ्या. तिथे सरकारी कॉलेजांत नंबर सामायिक असतात. फिजिक्स १४०१ म्हणजे बीजगणितावरचं 'कॉलेज फिजिक्स', फिजिक्स २४२५ म्हणजे कॅल्क्युलसवरचं 'युनिव्हर्सिटी फिजिक्स'. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा क्रेडिटचा, म्हणून दोन्ही चार-चार क्रेडिटचे. इंजिनिअरिंगला मात्र २४२५ च लागतो. १४०१ केलेल्याला फिजिक्स पुन्हा पहिल्यापासून. केमिस्ट्रीतही १४०५ ही प्रास्ताविक आणि १४११ ही सायन्सवाल्यांची. समुपदेशकाने 'केमिस्ट्रीच आहे' म्हटलं तरी नंबर विचाराच. कॅलिफोर्नियात हीच पडताळणी 'असिस्ट' या संकेतस्थळावर होते: डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. खासगी विद्यापीठांचा भरवसा धरू नका. शाळेच्या पदवीसाठी धरलेला कोर्स त्यांतली अनेक नाकारतात.

मुलं घसरतात ती वेळापत्रकात. शाळेत जवळजवळ रोज शिक्षक समोर असतात. कॉलेजात आठवड्याला तीन तास लेक्चर, तीनेक तास लॅब. उरलेलं घरी, आणि घरी काय करायचं ते कोणी सांगत नाही. सत्र १६ आठवड्यांचं, त्यात मोठ्या चाचण्या तीन-चार. एक बुडाली की ए गेला. टेक्सासमध्ये नोंद न राहता कोर्स सोडायची मुदत सत्राच्या कामकाजाच्या बाराव्या दिवसाला संपते, आणि पहिली चाचणी बहुधा त्यानंतर येते. पुढे सोडलात तर डब्ल्यू, म्हणजे 'कोर्स सोडला' अशी नोंद, लागतो. म्हणून चाचणीची वाट न पाहता पहिला लॅब रिपोर्ट आणि पहिले दोन गृहपाठ किती वेळ खातात ते बघा. आठवड्याला आठ तासांच्या वर जात असतील आणि शेजारी आणखी तीन एपी असतील, तर बाराव्या दिवसाआधीच हात काढून घ्यावा. प्राध्यापकांना मेल मुलानेच करायचा, आईने नव्हे. हे आपल्याकडे पटायला जरा वेळ लागतो.

एपी घेतलं तर लॅबची वही जपा. एपी केमिस्ट्रीत निदान १६ प्रयोग आणि एकूण शिकवण्याचा चौथा हिस्सा लॅबमध्ये असा नियम आहे, आणि लॅबचं क्रेडिट देण्याआधी काही विद्यापीठं ही वही प्रत्यक्ष बघायला मागतात. आपल्या बारावीच्या जर्नलसारखंच समजा: तारीख, निरीक्षणं, चुकलेला आकडा एका रेघेने खोडलेला. जून उजाडला की मुलं पहिली हीच वही कचऱ्यात टाकतात.