कॉटभोवती आठ जण
सकाळी राउंडला बाबांच्या कॉटभोवती आठ जण. मोठे डॉक्टर, दोन रेसिडेंट (पुढचं शिक्षण घेत काम करणारे डॉक्टर), बाकी विद्यार्थी. बाबा वैतागले, "मी काय प्रदर्शनात ठेवलोय?" एका मुलीने स्टेथोस्कोपची चकती तळहातावर घासून गरम केली, मग छातीला लावली. सरांनी विचारलं, "काय ऐकू आलं?" ती गप्प. "परत ऐक." बाबांनी न सांगताच दीर्घ श्वास घेतला!

विद्यार्थ्यांना असं थेट वॉर्डात शिकवणं डॉ. विल्यम ऑस्लर यांनी १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुजवलं.

दुपारी संशोधनाचं संमतिपत्रक आलं. नकार दिला तरी उपचार तेच, मध्येच बाहेरही पडता येतं, असं रेसिडेंटने दोनदा बजावलं. (तिसऱ्यांदा मीच विचारलं.) सही अजून केलेली नाही.

बाबांचा प्रश्न वेगळाच, "ती मुलगी उद्या येणार ना?"