गोडलिंबावरच्या आठ अंड्यांचं काय झालं (बहुरूपी, पावसाळी बॅच)

6 जुलैला आंगणातल्या गोडलिंबावर बहुरूपीची, म्हणजे कॉमन मॉरमॉनची मादी अंडी घालताना दिसली होती, लाल ठिपक्यांवाली. डोळ्यासमोर घातलेली आठ अंडी, प्रत्येक पानाला दोरा बांधून ठेवला, त्यामुळं सगळे एकाच आईचे हे पक्कं. एक अंडं फुटलंच नाही, एका कोषातून फुलपाखराच्या जागी बारीक बारीक परजीवी माश्या निघाल्या, बाकी सहा 6 ते 8 ऑगस्टमध्ये बाहेर आले.

आता मेन गोष्ट. तीन नर, काळे, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. दोन माद्या आईसारख्या लाल ठिपक्यांच्या. आणि एक मादी हुबेहूब नरासारखी, पोटाचं टोक भिंगाखाली पाहिलं तेव्हा कळलं. एकाच बरणीत, एकाच झाडाच्या पाल्यावर वाढलेल्या सख्ख्या बहिणी, पण ओळखू येत नाहीत की बहिणी आहेत!

प्राण्या-झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत पाडणाऱ्या लिनिअसनं 1758 मध्ये याच एका जातीला पॉलिटीस आणि पॅमन अशी दोन वेगळी नावं दिलेली, आणि ती बरणी पाहून मले त्याचं काही चुकलं असं वाटतच नाही, नुसते पंख पाहिले तर कोणीही तेच करील.

लाल ठिपके आले कुठून तर कॉमन रोझ नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची नक्कल. रोझची अळी धुऱ्यावरची किडामार नावाची वनस्पती खाते, त्यातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत, आणि आपली बहुरूपी विषारी नसूनही त्या भीतीचा फायदा घेते. अशी नक्कल बेट्स नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकानं 1862 मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून मांडली. आणि 2014 मध्ये फुलपाखरांचे अभ्यासक आपल्या कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बहुरूपीत हा सगळा खेळ डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकावर चालतो, तोच जनुक जो किड्यांमध्ये नर-मादीचा फरक घडवतो. नरातही नकलेवाली प्रत असू शकते पण पंखावर उमटत नाही. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून, आणि नकलेवाली प्रत वरचढ असते, एक जरी मिळाली तरी मादी लाल ठिपक्यांची होते, म्हणजे माझ्या बॅचमधल्या नरासारख्या मादीला ती आईकडून मिळालीच नाही, आईजवळ एक नकलेची आणि एक साधी अशा दोन प्रती असणार. हे पाटीवर मांडून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला राव.

सोबत बगीच्यातल्या संत्र्याच्या नवतीवरून लाइम बटरफ्लायच्या चार अळ्या आणल्या होत्या. काका म्हणे, "बाबू, हे अळ्या नवती खाऊन रायल्या अन तू त्यायले पोसून रायला?" पण त्यांच्यामुळंच मले वर्गीकरण समजलं. लाइम पिवळा-काळा, शेपूटही नाही, बहुरूपीशी काडीचं साम्य नाही, तरी दोघं एकाच प्रजातीतले (म्हणजे जीनस, जातीच्या वरचा गट), पॅपिलिओ. आणि जी रोझ जुळी बहीण वाटते तिची प्रजातीच वेगळी. पंखावर विसंबू नका, अळी बघा! लाइम आणि बहुरूपीच्या लहान अळ्या दोन्ही पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या, पहिल्या आठवड्यात मी दोनदा बरण्यांची चिठ्ठी बदलली. पंखाचा रंग पक्ष्याच्या नजरेनं घडत जातो, पण नातं पूर्वजाकडून येतं, ते अळीत टिकून राहिलं. डिवचलं की मानेमागून निघणारं दुफाट्याचं वासाचं शिंग तर रोझच्या अळीलाही असतं, ती साऱ्या कुळाचीच खूण.

काल धुऱ्यावर किडामारावर रोझच्या तीन अळ्या सापडल्या, गडद मरून, अंगभर मांसल काटे, मधोमध पांढरा पट्टा. काकाला सांगितलं तेवढा तुकडा या निंदणात सोडा. हो म्हणले.