ड्रॅग फ्लिकर बाहेर बसला होता

मी हॉकी संघाचा व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट. गेल्या मोसमात आमची पोरं तळाला होती, तरी यंदा ती वर येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. कारण विचारलं की एकच उत्तर: ड्रॅग फ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर बॉल स्टिकने ओढत गोलवर फेकणारा. वर्षभरात त्याच्या खांद्यात ताकद आली होती. माझ्याही अहवालात पहिलं नाव त्याचंच.

मग सिनिअर संघाशी सराव सामना झाला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पठ्ठ्याने पंचांशी हुज्जत घातली आणि पिवळं कार्ड घेतलं. निदान पाच मिनिटं बाहेर. आणि नेमका तेव्हाच आम्हाला पेनल्टी कॉर्नर! मी मनातल्या मनात तो वाया गेला म्हणून सोडूनही दिला.

कॉर्नरचा बॉल गोलपोस्टपासून किमान 10 मीटरवरून, बॅकलाइनवरून आत ढकलतात. तो डीच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धगोलाच्या, बाहेर गेल्याशिवाय गोलवर मारता येत नाही. समोर गोलकीपर धरून पाचजण, पुश सुटला की तेही सुटतात. त्यातला पहिला धावणारा थेट अंगावर येतो. म्हणजे बॉल अडवताना जरा चुकलं की संपलं.

फ्लिक मारायला कोणी नव्हतं, म्हणून एका डिफेंडरने सरळ हिट मारली. कॉर्नरवर पहिला फटका हिट असेल तर बॉल 460 मिलिमीटरच्या वर जाऊन चालत नाही. फ्लिकला ही अट नाही. बॉल खालूनच गेला आणि गोलच्या आतल्या फळीवर ठक्क वाजला. गोल!

सामना आम्ही हरलोच, ते सोडा.

रात्री तो कॉर्नर फ्रेम-फ्रेम करून पाहिला, शेजारी गेल्या वर्षीचे लावून. तेव्हाचा पुश उड्या मारत यायचा. स्टॉपर, म्हणजे तो पुश अडवणारा, वाकून स्टिक बॉलमागे न्यायचा, बॉल वीतभर सरकायचा, फ्लिकरला पाय बदलावे लागायचे, तोवर धावणारा पोचलेला. आणि आम्ही ओरडायचो फ्लिकरवर! आता स्टिक आधीच टर्फवर आडवी होती. बॉल सरपटत तिच्यापाशी आला आणि जागच्या जागी मेला. डिफेंडरला फक्त मारायचं काम उरलं होतं.

ही पुश-स्टॉपची जोडी वर्षभर सरावानंतर मागे थांबायची. मला वाटायचं टिवल्याबावल्या करतात. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये 'गोल', 'अडवला', 'बाहेर' एवढीच बटणं. पुश आणि स्टॉपला बटणच नव्हतं, ते मीच केलं नव्हतं. त्या रात्री दोन बटणं वाढवली आणि अहवाल नव्याने लिहिला.

सकाळी फ्लिकर आला. "दादा, माझं नाव तिसरं?"

लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याने तो कॉर्नर तीनदा मागे घेऊन पाहिला, चौथ्यांदा आवाज वाढवून.

"बरोबर आहे," म्हणाला. "पण कार्डाचं लिहू नका हां."

ते आधीच लिहून झालं होतं.