शिकारीला गेलो आणि शिडीचा धसका घेऊन आलो

ऑफिसातला मित्र ऑक्टोबरपासून मागे लागला होता, एकदा तरी चल आमच्या शेतावर डिअर सीझनच्या, म्हणजे हरणांच्या शिकारीच्या हंगामाच्या, ओपनिंगला, बंदूक धरू नकोस, नुसता शेजारी बस. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहून सात वर्षं झाली, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या इथल्या सणाच्या) आधीच्या शनिवारी अर्धं ऑफिस गायब होतं हे एव्हाना पाठ झालंय. नऊ दिवसांचा गन सीझन, पाच लाखांहून जास्त लोक लायसन काढतात, आणि त्या आठवड्यात पेट्रोल पंप म्हणू नका, किराणा दुकान म्हणू नका, जिकडे बघावं तिकडे नारिंगी जाकिटं. गणपतीला कोकणात निघालेल्या गाड्यांची आठवण येते अगदी. म्हटलं चला, एकदा बघू तरी.

बायकोचा पहिला प्रश्न, "आणि कुणाची गोळी लागली तर?" खरं सांगायचं तर माझ्याही पोटात तोच गोळा होता. ब्लेझ ऑरेंज, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून दिसावं म्हणून घालायचं भडक नारिंगी जाकीट घेतलं, टोपी घेतली (२०१६ पासून इथे भडक गुलाबीही चालतं, पण ते घालून मित्राच्या बापासमोर जायची हिंमत झाली नाही), आणि शुक्रवारी दुपारी निघालो.

मॅडिसनहून हायवे १४ धरला की तासाभरात जमीन बदलते. आधी सपाट मक्याची शेतं, कापणी झालेली, मग स्प्रिंग ग्रीनजवळ विस्कॉन्सिन नदी ओलांडेपर्यंत दोन्ही बाजूंना डोंगर सुरू झालेले असतात. या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगात आजूबाजूचा सगळा प्रदेश बर्फाच्या लाद्यांनी रगडून सपाट केला आणि हा तेवढा सुटला, म्हणून इथे घळी, उतार, ओढे, कडे सगळं शिल्लक आहे. आंबोली-राधानगरीकडची सर नाही म्हणा, पण सात वर्षं सपाटी बघितलेल्या माणसाला तेवढंही पुरतं. रिचलंड सेंटर मागे टाकल्यावर रस्त्यात आमिश लोकांच्या काळ्या घोडागाड्या लागल्या, अंधार पडत आला होता, मित्राने गाडी हळू केली.

शेतावर पोचलो तर म्हातारबुवा गॅरेजमध्ये टेबलावर पट्टे पसरून बसलेले. मित्राचे वडील, पंच्याहत्तरीचे, माझ्या लेखी आजोबाच, हात फणसाच्या सालीसारखे. मला वाटलं आता बंदुका दाखवणार. बंदुका कपाटात कुलपात होत्या, त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. टेबलावर होते ते हार्नेस, झाडावर बांधलेल्या बैठकीवर (तिला स्टँड म्हणतात) चढून हरणाची वाट बघताना खाली पडू नये म्हणून अंगात घालायचे पट्टे. आजोबांनी प्रत्येक पट्टा बोटांतून सरकवत बघितला, शिवणीपाशी थांबले, बकल दोनदा लावून काढलं, आणि आतल्या लेबलावरची तारीख वाचली. पाच वर्षं झाली की ते हार्नेस टाकून देतात म्हणे, दिसायला नवं असलं तरी. एक पट्टा उजेडात धरून मला दाखवला, कडेला खारीने कुरतडलेलं. झाडावर वर्षभर बांधून ठेवलेल्या रॅचेट (खटका ओढून आवळायच्या) पट्ट्यांचं तर विचारूच नका, ऊन-बर्फ खाऊन ते आतून कुजतात, शिवाय झाड जाड होत जातं आणि पट्टा ताणला जातो, म्हणून स्टँड बांधायचे पट्टे ते दर सप्टेंबरात बदलतात. मित्र हळूच म्हणाला, बाबा पूर्वी असे नव्हते. बऱ्याच वर्षांपूर्वी काकाचा असाच एक पट्टा तुटला, काका चौदा फुटांवरून खाली आला, तो आजतागायत काठी घेऊन चालतो. हार्नेस घातलं नव्हतं?, मी विचारलं. घातलं होतं ना, पण ते वर बसल्यावर झाडाला अडकवायचं असतं असा समज होता, आणि तो पडला ते चढताना.

इथे मला पहिल्यांदा कळलं की आपली भीती चुकीच्या जागी बसली होती. ट्री स्टँडवरून पडणारे बहुतेक लोक वर बसलेले असताना पडत नाहीत, चढता-उतरताना पडतात, नाहीतर शिडीवरून स्टँडवर पाय टाकायच्या त्या एका क्षणात.

आता स्टँड म्हणजे काय ते सांगतो, कारण मी मनात मचाण धरून चाललो होतो, चार वासे, वर पेंढा, ऐसपैस. तसं काही नसतं. एक लोखंडी शिडी झाडाला टेकवलेली आणि वर बाकडं, तो लॅडर स्टँड. झाडाला पट्ट्याने लटकवलेली छोटी पायरी आणि सीट, तो हँग-ऑन, त्याला चढायच्या काठ्या वेगळ्या बांधाव्या लागतात. आणि तिसरा क्लाइंबर, दोन तुकड्यांचा, सुरवंटासारखा बसत-उठत खोडावरून वर सरकवायचा, तो बघूनच मी हात जोडले. आमच्या वाट्याला दोघांचा लॅडर स्टँड होता, पंधरा फुटांवर, दोघांचं मिळून पाचशे पौंड वजन चालतं. त्यात माणूस, कपडे, बूट, बंदूक, थर्मास सगळं धरायचं. आजोबांनी मला वजन विचारलं, मी दोन किलो कमी सांगितलं, सवयीने.

हा स्टँड पूर्वी एका जाड ॲश झाडाला होता. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा २००८ मध्ये या राज्यात सापडला आणि तेव्हापासून ॲशची झाडं उभी मरतायत, मेलेलं ॲश लाकूड ठिसूळ होतं, वरून धडधाकट दिसतं आणि कधी मोडेल सांगता येत नाही. म्हणून स्टँड उचलून ओकवर हलवला. जिवंत, सरळ, मांडीपेक्षा जाड खोड, बस एवढंच बघायचं, पण दरवर्षी बघायचं.

रात्री गॅरेजच्या खांबाला दोर बांधून माझी परीक्षा झाली. हार्नेस म्हणजे खांद्यावरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांखालून जाणारे पट्टे. मांडीचे पट्टे मी सैल ठेवले, अडचण होत होती, तर आजोबांनी न विचारता खसकन ओढले. पूर्वी लोक नुसता कमरेला पट्टा बांधायचे, पडल्यावर तो सरकून छातीवर येतो आणि श्वास कोंडतो. पाठीमागे मानेजवळून टेदर, म्हणजे एक छोटा पट्टा, निघतो, तो लाइफलाइनला जोडायचा. लाइफलाइन हा जाड दोर स्टँडच्या वर खोडाला बांधलेला असतो आणि पार जमिनीपर्यंत येतो. त्यावर प्रुसिक गाठ. सह्याद्रीत ट्रेकवाली मंडळी वापरतात तीच. हाताने सरकवली तर सरकते, झटका बसला की दोराला आवळून धरते. म्हणजे पाय जमिनीवर असतानाच अडकवायचं, आणि चढत चढत गाठ वर ढकलत न्यायची, कायम डोक्याच्या वर. वर बसल्यावर दोर जवळपास ताठ हवा, ढिला सोडला तर पडल्यावर तेवढी उंची आधी पडणारच ना.

मला आमचा पाडेली आठवत होता. मालवणजवळ आमच्या घरी माडावर चढायला यायचा, कमरेला कोयता, पायांत काथ्याचा फास, माडाला पाडलेल्या खाचांत पाय रोवत सरसर वर, आणि खाली आम्ही पोरं तोंड उघडी टाकून. त्याला कुणी कधी दोर बांधला नाही आणि बांधावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. मीही आंब्यावर तसाच चढायचो, अनवाणी, एका हातात घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन. हे मी आजोबांना कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, तो पडला कधी? मी गप्प. पडला होता. मी आठवीत असताना.

पहाटे साडेपाचला निघालो. बाहेर उणे पाच. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते, त्यामुळे त्याच्या आधी वर जाऊन गप्प बसायचं. शिडीवर एका वेळी एकच माणूस, आधी मित्र गेला, मग मी. दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, तीन अवयव कायम शिडीला, हे रात्री दहा वेळा घोकून घेतलं होतं. हातात काहीही घ्यायचं नाही. बंदूक रिकामी करून, नळी खाली करून, दोरीने बांधून ठेवायची आणि वर बसून, स्वतःला अडकवून झाल्यावरच ओढून घ्यायची. फोन मात्र बॅगेत नाही, अंगावरच्या खिशात, कारण लटकलेल्या माणसाचा हात बॅगेपर्यंत पोचत नाही. आणि मांडीच्या खिशात गुंडाळलेली एक पट्टी. ती कशाला? तर पडलात आणि हार्नेसने धरलं तरी काम संपत नाही, लटकत राहिलं की मांड्यांचे पट्टे आवळतात, पायांत रक्त साचतं आणि थोड्या वेळात माणूस बेशुद्ध होऊ शकतो. ती पट्टी दोराला अडकवून तिच्या फासात पाय घालून उभं राहायचं, मदत येईपर्यंत पाय हलवत राहायचे.

वर बसल्यावरचं काय सांगू. पाच तास आम्ही एक शब्द बोललो नाही. उजेड झाला, ओकची उरलीसुरली पानं वाजत होती, लांबून गोळ्यांचे आवाज यायला लागले, एक, मग दोन, मग घळीच्या पलीकडून तीन. सव्वाआठला एक मादी आणि तिची दोन पिल्लं पंचवीस पावलांवर येऊन उभी राहिली. तिच्या नाकातून वाफ निघताना दिसत होती. मित्राने बंदूक उचललीच नाही, तिच्या मागे शेजाऱ्याचा रस्ता होता. मधे मला एक डुलकी लागली, मान खाली गेली आणि टेदरने मागे खेचलं, तेव्हा मी किती पुढे झुकलो होतो ते कळलं.

साडेदहाला उतरायला निघालो. आता मी पहिला. पाय बधिर, ऊन आल्यामुळे शिडीवरचं दंव वितळून पायऱ्या ओल्या झालेल्या, आणि मला लघवीची घाई. शिवाय थर्मास काखेत मारला. कशाला मारला? दोरीने सोडता आला असता, पण एवढ्याशा थर्माससाठी कोण दोरी सोडतो, असं वाटतं माणसाला. तिसऱ्या पायरीवर उजवा पाय सुटला. थर्मास वाचवायला गेलो तर हातही सुटला. फूटभर खाली आलो असेन, खण्णकन पाठीत ओढ बसली, मांड्या कापल्यासारख्या झाल्या आणि मी खोडावर गाल घासत लोंबकळायला लागलो. गाठीने दोर असा धरला होता की कुणी मूठ मारून धरावा. चार-पाच सेकंदं गेली असतील. खाली थर्मास दगडावर आपटल्याचा आवाज मी स्वच्छ ऐकला. मग पाय शिडीला लागला, वरून मित्र ओरडत होता, थांब, हलू नकोस, श्वास घे.

गॅरेजमध्ये आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. माझं हार्नेस काढून घेतलं, टेबलावर पसरलं, आणि खिशातला चाकू काढून दोन्ही मांडीचे पट्टे करकर कापून टाकले. एकदा झटका खाल्लेलं हार्नेस परत वापरायचं नसतं, आणि नुसतं कचऱ्यात टाकलं तर कुणीतरी उचलून वापरतं. मी पैसे देऊ केले तर म्हणाले, थर्मासचे दे, तो बायकोचा होता.

रात्री घरी येऊन आईला फोन केला. मांड्यांवरचे निळे वळ सोडून बाकी सगळं सांगितलं. मग विचारलं, आपल्याकडे आता माड कोण पाडतं? म्हणाली, त्याचा मुलगा येतो, पण तो आता ते चढायचं यंत्र घेऊन येतो, पायात अडकवायचं, पटापट वर जातो हो.

"आणि पट्टा? कमरेला, खांद्याला काही बांधतो का?"

"तेवढं काय मी बघितलं नाही बाबा," आई म्हणाली, "सोमवारी यायचाय, बघते."