तितूरकाठचे चार महिने

२०१९च्या महापुरात सांगलीतलं आमचं घर माळ्यापर्यंत पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर कोण कुठली पोरं आली, गाळ उपसून गेली. त्यांची नावंसुद्धा विचारायची राहिली. ३१ ऑगस्ट २०२१ला तितूर आणि डोंगरी या नद्या रात्रीतून फुगल्या, जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावात पाणी शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. बातमी बघून आमच्या भजनी मंडळाचे बुवा एवढंच म्हणाले, "गळ्यात माळ आहे ना? मग फेडा." महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आम्ही सहाजण चाळीसगावला उतरलो आणि नदीकाठच्या एका गावात गेलो. बाकीचे पंधरा दिवसांत परतले. मी राहिले.

पुराचा गाळ पहिल्या दिवशी खराट्यानं निघतो. आम्ही पोचलो तोवर तो फावड्यालाही दाद देईना. आधी पाणी मारायचं, भिजू द्यायचं, मग घमेली भरायची. कणगीतली ज्वारी फुगून कणगीच उकलली होती. तो आंबूस वास अंगाला, केसांना, जेवणालासुद्धा. ज्यांच्या घरी उतरले ते जिभाऊ पहिल्याच दिवशी कोपरा दाखवत म्हणाले, "गाळ आठे टाक." मी इमानदारीत आठ घमेली टाकली आणि थांबले. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. अहिराणीत 'आठे' म्हणजे 'इथे', हे त्यांच्या नातीनं सांगितलं. पुरानंतर या ओट्यावर आजच कोणी हसलं, असं घरातल्या आक्का म्हणाल्या. गल्लीत माझं नाव 'आठवाली ताई' पडलं ते पडलंच.

भजनाचं मात्र फसलं. पहिल्याच संध्याकाळी आम्ही मारुतीच्या पारावर हरिपाठाला बसलो. दोन लहान पोरं तेवढी आली. शेजारची घरं महानुभाव पंथाची, चक्रधरस्वामींना मानणारी. माझ्या 'रामकृष्ण हरी'ला तिकडून 'दंडवत प्रणाम' यायचं, आणि ही मंडळी आमच्या हरिपाठाला का यावीत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रागच आला होता, खोटं कशाला सांगू? बुवांना फोन केला तर तेच माझ्यावर उखडले. "गाडगेबाबा दिवसा खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. गावाच्या चुली पेटल्या नाहीत आणि तुम्ही टाळ कसले वाजवताय?" टाळ पिशवीत गेले. दुसऱ्या दिवशी विहीर उपसायला मोटर मिळाली, ती त्या 'दंडवत प्रणाम'वाल्यांचीच.

६ सप्टेंबरला पोळा. जिभाऊंचा एक बैल दावणीलाच बुडाला होता, दुसरा दावं तुटून वाहून गेला. आदल्या संध्याकाळी आक्कांनी मला घमेलंभर गाळ बाजूला ठेवायला सांगितला. बारीक, काळा, लोण्यासारखा मऊ. त्याचेच दोन बैल केले. शिंगांना हिंगूळ लावला, पाटावर ठेवून पुजले. जिभाऊ दिवस मावळेपर्यंत घरात आले नाहीत.

नंतरचे महिने नुकसानभरपाईच्या कागदांत गेले. सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स. मी अर्ज लिहायचे, वाचून दाखवायचे. लोक अहिराणीत दुरुस्त्या सांगायचे आणि माझा अर्ज एका पानाचा दोन पानांचा व्हायचा. सगळ्यात जास्त अडलं जनावरांचं. शव असेल तर डॉक्टरांचा दाखला, दाखला असेल तर पंचनामा. वाहून गेलेल्या बैलाचं शव आणायचं कुठून? जिभाऊंना एकाच बैलाचे पैसे मिळाले. दुसऱ्यासाठी तीन खेपा घातल्या. दर वेळी कागदावर शेरा, 'शव आढळले नाही'.

डिसेंबरअखेर निघाले तेव्हा आक्कांनी फडक्यात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मातीचे बैल त्यांनी विसर्जन केलेच नव्हते. देवळीत उभे होते, एकाचा कान गळलेला. "एक लई जाय," म्हणाल्या.

कोणता, ते मला विचारवलं नाही.